स्पर्धेच्या रायफलचा ट्रिगर: स्वच्छता, तपासणी आणि निगा

१० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरील दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो आणि पात्रता फेरीत असे ६० नेम सव्वा तासात साधायचे असतात. इतक्या बारीक कामात नेमबाजाचा रायफलशी होणारा शेवटचा स्पर्श ट्रिगरवर होतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १० मीटर एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला न सुटता किमान ५०० ग्रॅम वजन पेलावे लागते. १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर रायफल यांना मात्र अशी खालची मर्यादा नाही. त्यामुळे अनेक नेमबाज आपला ट्रिगर शंभर ग्रॅमच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही हलका ठेवतात. ५०० ग्रॅमच्या ट्रिगरमध्ये पंधरा-वीस ग्रॅमचा फरक पडला तर तो कदाचित बोटाला कळणारही नाही, परंतु ८० ग्रॅमच्या ट्रिगरमध्ये तेवढाच फरक पडला की नेम सुटण्याची वेळ बदलते आणि नेमबाज दोष स्वतःच्या श्वासात किंवा उभे राहण्याच्या पद्धतीत शोधू लागतो.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले, त्यानंतर महाराष्ट्रात रायफल विकत घेणाऱ्या नव्या नेमबाजांना आणि त्यांच्या पालकांना ट्रिगरविषयी पडणारे प्रश्न वारंवार कानावर येतात. हा लेख ४.५ मिलिमीटरची एअर रायफल आणि .२२ ची बोल्ट-रायफल (मागचा दांडा, म्हणजे बोल्ट, सरकवून काडतूस भरायची रायफल) या दोन्हींच्या यांत्रिक ट्रिगरविषयी आहे. त्यातील मुख्य म्हणणे एकच आहे: ट्रिगरची निगा राखण्याचे निम्म्याहून अधिक काम त्यात तेल, मेण आणि ओलावा जाऊ न देण्यात असते, आणि प्रत्यक्ष साफसफाई हा त्यातील उरलेला, लहान भाग असतो.

आत काय असते

दोन टप्प्यांच्या ट्रिगरमध्ये बोट प्रथम ट्रिगरचे पाते थोडे मागे नेते, त्यात सीअरची पकड जवळजवळ संपत येते आणि मग बोटाला एक स्पष्ट अडथळा लागतो. तेथून पुढे किंचित दाब वाढला की सीअर सुटतो. सीअर म्हणजे कडक केलेल्या पोलादाची ती कडा, जिच्यावर ताणलेल्या स्प्रिंगच्या जोराने हॅमर किंवा स्ट्रायकर अडून राहिलेला असतो. एअर रायफलमध्ये सुटलेला हॅमर झडपेवर आपटून हवेची मोजकी मात्रा सोडतो, तर .२२ मध्ये फायरिंग पिन काडतुसाच्या कडेवर आदळते. सीअर आणि हॅमर किंवा स्ट्रायकर यांच्या कडांची एकमेकींवरील पकड मिलिमीटरच्या अंशात मोजावी इतकी लहान असते आणि त्या कडांचा कोन व गुळगुळीतपणा यांवरच ट्रिगरचा सगळा गुण अवलंबून असतो. एवढ्याशा जागेत सुकलेल्या तेलाचा थर, धागा किंवा जळक्या दारूचा कण शिरला तर पकड पूर्ण बसत नाही किंवा सुटताना अडखळते.

ट्रिगरच्या पेटीवर तीन-चार बारीक स्क्रू असतात. एक पहिल्या टप्प्याचे वजन, दुसरा दुसऱ्या टप्प्याचे वजन, तिसरा सीअरची पकड आणि चौथा सुटल्यानंतर पाते किती मागे जावे हे ठरवतो. कोणता स्क्रू कोणता, हे रायफलच्या पुस्तिकेत आकृतीसह दिलेले असते. साफसफाई करताना यांपैकी एकाही स्क्रूला हात लावण्याची गरज नसते.

घाण कोठून येते

एअर रायफलमध्ये दारू जळत नाही, म्हणून तिचा ट्रिगर घाण होत नाही असा समज आहे. प्रत्यक्षात नेमबाजीच्या जाड जॅकेटचे आणि हातमोज्याचे तंतू, पेलेटच्या, म्हणजे छऱ्याच्या, शिशाची भुकटी आणि बोटाचा घाम हे सर्व हळूहळू आत जाते. .२२ मध्ये यांच्या जोडीला गोळीवरील मेणाचा थर, न जळलेल्या दारूचे कण आणि प्रायमरचा, म्हणजे आघाताने पेटणाऱ्या मिश्रणाचा, अवशेष येतो. कडेवर आघात होणाऱ्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये घर्षणासाठी अनेकदा काचेची बारीक पूड घातलेली असते, ती सीअरच्या कडांना अजिबात मानवणारी नाही.

तरीही माझ्या मते सर्वांत मोठा गुन्हेगार नेमबाजाच्या हातातली तेलाची बाटलीच असते. नळी साफ करताना वापरलेले द्रावक काडतूस बसते त्या चेंबरमधून मागे ओघळते आणि थेट ट्रिगरच्या पेटीत उतरते. त्यात बाहेरून "थोडे वंगण बरे" म्हणून सोडलेले शिलाई मशीनचे तेल मिसळते. तेल दिवसागणिक घट्ट होते, त्यावर धूळ बसते आणि स्वयंपाकघरातील एक्झॉस्ट पंख्याच्या पात्यांवर साचतो तसा चिकट थर तयार होतो. मुंबईच्या उकाड्यात तो थर मऊ असतो म्हणून लक्षात येत नाही. तीच रायफल दिल्लीच्या डिसेंबरमधल्या स्पर्धेला नेली की ट्रिगर जड व सुस्त वाटू लागतो.

म्हणून .२२ ची नळी साफ करताना बोल्टच्या जागी बसणारा बोअर गाइड (साफसफाईची सळई सरळ नेणारी नळी) वापरावा, रायफल नळीच्या तोंडाकडे किंचित उतरती ठेवावी आणि कापडी चकतीवर द्रावक निथळेल इतके न घेता ती केवळ ओलसर करावी. साफसफाईनंतर रायफल लगेच उभी करून दस्ता खाली ठेवण्याची सवय सोडावी. काही तास नळीचे तोंड खाली राहील अशी ठेवल्यास उरलेले द्रावक ट्रिगरकडे न जाता बाहेर येते.

सुरुवात करण्यापूर्वी

प्रथम मॅगझिन असल्यास काढावे, बोल्ट उघडावा आणि चेंबर डोळ्यांनी पाहून बोटाने चाचपावा. एअर रायफलचा सिलिंडर काढावा, त्यानंतर रायफल सुरक्षित दिशेला धरून आत अडकलेली हवा सोडावी. काडतुसे किंवा पेलेट दुसऱ्या खोलीत ठेवावेत; त्याच टेबलावर "बाजूला" ठेवणे पुरेसे नाही. ट्रिगरचे काम करताना चाप वारंवार ओढला जातो, म्हणूनच ही तपासणी कामाच्या मध्येच उठून परत आल्यावरही पुन्हा करावी. घरात लहान मुले असतील तर दार बंद करून काम करावे.

लागणारे साहित्य मोजके आहे: लायटरमध्ये भरतात ते शुद्ध नॅफ्थाचे इंधन, पातळ नळीची बाटली, मऊ केसांचा जुना टूथब्रश, तंतू न सोडणारे कापड, चिमटा, रबरी फुगा असलेला हाताचा ब्लोअर, चांगली टॉर्च, खाचेत घट्ट बसणारे स्क्रूड्रायव्हर आणि अ‍ॅलन की, रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा. लायटरचे इंधन अनेक ट्रिगर उत्पादक सुचवतात, कारण ते तेल विरघळवते आणि मागे काहीही न ठेवता उडून जाते. ते अत्यंत ज्वालाग्राही असल्याने खिडक्या उघड्या ठेवाव्यात, गॅस, देवघरातील समई आणि उदबत्ती यांपासून दूर बसावे आणि भिजलेली कापडे बंद कचराकुंडीत न टाकता उघड्यावर वाळवावीत. विमानप्रवासात हे इंधन नेता येत नाही, तेव्हा स्पर्धेसाठी बाहेरगावी जाण्यापूर्वीच काम उरकावे.

रॉकेल वापरू नये, ते तेलकट अवशेष ठेवते. घराघरात असणारे गंज सोडवण्याचे फवारेही टाळावेत. त्यांतील हलका भाग उडून गेल्यावर उरणारा थर काही महिन्यांनी चिकट होतो. गाडीच्या ब्रेकसाठी मिळणारे क्लीनर प्लास्टिक, रंग आणि रबरी ओ-रिंग खराब करू शकतात. एअर रायफलच्या बाबतीत तेलाचे फवारे आणखी एका कारणासाठी वर्ज्य आहेत: उच्च दाबाच्या हवेच्या मार्गात खनिज तेल शिरणे धोकादायक असते.

आधी मोजमाप, मग साफसफाई

साफसफाईला हात घालण्यापूर्वी ट्रिगर आत्ता किती वजनावर सुटतो हे वहीत लिहून ठेवावे, कारण आधीचा आकडा नसेल तर नंतर काही सुधारले की बिघडले हे केवळ बोटाच्या अंदाजावर राहते. ट्रिगर मोजण्याची वजने क्लबमध्ये असतात. नसल्यास एक छोटी प्लास्टिकची बाटली आणि वाकवलेली जाड तार एवढ्यावर काम भागते. रायफल रिकामी असल्याची खात्री करून ती कॉक करावी, म्हणजे आतली स्प्रिंग ताणावी, नळी सरळ वर धरावी आणि तारेचा आकडा पात्यावर जेथे बोट टेकते नेमक्या त्याच ठिकाणी अडकवावा. मग सिरिंजने बाटलीत हळूहळू पाणी घालत जावे. पहिला टप्पा संपतो तेव्हाचे आणि ट्रिगर सुटतो तेव्हाचे वजन, बाटली व तारेसह, स्वयंपाकघरातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर मोजावे. एक मिलिलिटर पाणी म्हणजे एक ग्रॅम, त्यामुळे सिरिंजवरील खुणाही उपयोगी पडतात.

ही मोजणी सलग दहा वेळा करावी. सरासरीपेक्षा आकड्यांमधील विखुरलेपणा अधिक बोलका असतो. सर्व आकडे दोन-चार ग्रॅमच्या आत असतील आणि बोटालाही काही खुपत नसेल, तर ट्रिगर स्वच्छ आहे आणि तो धुण्याची आवश्यकता नाही. बाहेरून पुसून वही मिटावी. "वर्ष झाले म्हणून" चांगला चालणारा ट्रिगर धुणाऱ्यांशी मी सहमत नाही. आकडे विखुरलेले असतील, पहिल्या टप्प्यात घासल्यासारखे वाटत असेल किंवा पाते सोडल्यावर पुढे यायला आळस करत असेल, तर पुढील काम हाती घ्यावे.

पेटी न उघडता साफ करणे

१. रायफल दस्त्यापासून वेगळी करावी. बहुतेक रायफलींत दस्ता दोन स्क्रूंनी धरलेला असतो. ते काढताना कोणता पुढचा व कोणता मागचा हे नीट पाहावे, कारण लांबी वेगळी असू शकते. काढण्याआधी फोनने सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत.

२. ट्रिगरच्या पेटीवरील समायोजनाच्या स्क्रूंच्या डोक्यावर आणि शेजारच्या धातूवर मिळून रंगाच्या पेनने एकेक बारीक रेघ ओढावी. पुढे कधी एखादा स्क्रू आपोआप फिरला तर रेघ तुटलेली दिसते आणि ते क्षणात कळते. हे दोन मिनिटांचे काम आहे, आणि या संपूर्ण लेखातून एकच गोष्ट करायची झाल्यास ही करावी असे मी म्हणेन.

३. टॉर्चच्या उजेडात पेटीच्या फटींमधून आत पाहावे. दिसणारे तंतू चिमट्याने काढावेत. ब्लोअरने हवा मारावी. तोंडाने फुंकर घालू नये. तिच्यासोबत ओलावा आत जातो आणि शिशाची भुकटी उडून श्वासात येते. घरगुती कॉम्प्रेसरची हवाही नको, कारण तिच्यात पाण्याचे थेंब असतात.

४. .२२ मध्ये आता बोल्ट काढून ठेवावा. एअर रायफलमध्ये ट्रिगरचा संच वेगळा काढता येत असेल आणि पुस्तिकेत ती कृती दिलेली असेल, तर तो काढूनच धुवावा, म्हणजे द्रावक झडपेच्या ओ-रिंगपर्यंत पोहोचणार नाही. तो काढण्याची कृती पुस्तिकेत नसेल तर द्रावक ओतू नये; कापसाच्या काडीला किंचित ओलावा देऊन पोहोचेल तेवढाच भाग पुसावा.

५. पेटी अशी धरावी की द्रावक वरून आत जाऊन खालून बाहेर पडेल, आणि खाली पांढरा कागद किंवा पांढरी थाळी ठेवावी. पातळ नळीने लायटरचे इंधन सीअरच्या भागावर सोडावे, पाते हळूहळू मागेपुढे हलवावे आणि पुन्हा सोडावे. हे करताना हॅमर जोराने सोडून आपटू देऊ नये. खाली पडणारे द्रावक प्रथम तपकिरी किंवा काळपट दिसते. ते स्वच्छ दिसू लागेपर्यंत हे करत राहावे. पांढरी थाळी केवळ यासाठीच नाही: एखादी बारीक पिन किंवा स्प्रिंग निसटली तर ती तेथे सापडते.

६. चिवट थर निघत नसल्यास द्रावकाने पाच-दहा मिनिटे भिजू द्यावा आणि टूथब्रशच्या कडेने बाहेरून पोहोचणारा भाग घासावा. पितळी ब्रश, पॉलिश पेपर, सुई किंवा टोकदार हत्यार सीअरच्या कडेजवळ नेऊ नये.

७. ब्लोअरने हवा मारून पेटी उघड्यावर किमान तासभर सुकू द्यावी. हेअर ड्रायरची घाई नको.

आता वंगणाचा प्रश्न. स्पर्धेच्या अनेक ट्रिगरना सीअरच्या कडांवर कोणतेही वंगण नको असते आणि उत्पादक तसे स्पष्ट लिहितात. काही मोजक्या संचांना पिनच्या ठिकाणी विशिष्ट ग्रीसचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब सांगितलेला असतो. पुस्तिका सांगेल ते आणि तेवढेच करावे. पुस्तिका गप्प असेल तर कोरडा ट्रिगर हा तेलकट ट्रिगरपेक्षा केव्हाही सुरक्षित पर्याय आहे. पेटीच्या बाहेरच्या पोलादी भागावर गंज येऊ नये म्हणून तेलाचा हात फिरवायचा असेल तर तो कापडाने फिरवावा, बाटलीने नाही.

काय करू नये

सीअर घासून "गुळगुळीत" करण्याचा सल्ला इंटरनेटवर सहज मिळतो. या भागांचा कठीणपणा अनेकदा केवळ पृष्ठभागाच्या पातळ थरात असतो. तो थर घासला गेला की खालचा मऊ धातू उघडा पडतो, कोन किंचित बदलतो आणि ट्रिगर धक्क्याने सुटू लागतो. हा बिघाड हलक्या ट्रिगरमध्ये जीवघेणा ठरू शकतो. त्याचप्रमाणे पेटी पूर्ण खोलून स्प्रिंगा व पिना मोकळ्या करणे हे आर्मररचे, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे, काम आहे. .२२ रायफल परवान्यावर असते आणि शस्त्रांच्या दुरुस्तीच्या व्यवसायालाही शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना लागतो, तेव्हा ती ओळखीच्या लेथवाल्याकडे नेण्याचा मोह आवरावा.

स्क्रू फिरू नयेत म्हणून लावायच्या द्रवाबाबतही हात आखडता हवा. अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीने एप्रिल २०१४ मध्ये एक्स-मार्क प्रो ट्रिगर असलेल्या मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हन रायफली परत मागवल्या, त्या याच प्रकारच्या कारणासाठी: जोडणीच्या वेळी वापरलेले चिकटद्रव्य काही ट्रिगरमध्ये प्रमाणाबाहेर राहिले होते आणि त्यामुळे विशिष्ट परिस्थितीत चाप न ओढताही गोळी सुटण्याचा धोका होता. कारखान्यातही जे घडू शकते ते घरच्या टेबलावर अधिक सहज घडते. रेघेची खूण पुरेशी असताना स्क्रूवर द्रव ओतू नये.

विजेवर चालणारे ट्रिगर या साऱ्यातून वगळावेत. त्यांत सीअरवरचा यांत्रिक भार वेगळ्या पद्धतीने हाताळलेला असतो आणि आत परिपथ, तारा व संवेदक असतात. बाहेरून कोरड्या कापडाने पुसणे, सांगितलेल्या मुदतीत बॅटरी बदलणे आणि लांब सुट्टीत ती काढून ठेवणे इतकेच नेमबाजाने करावे.

जोडणीनंतरची तपासणी

दस्त्याचे स्क्रू पुस्तिकेत दिलेल्या ताणावर, शक्य असल्यास टॉर्क रेंचने आवळावेत. ट्रिगरच्या पेटीभोवती दस्त्याचे लाकूड किंवा अ‍ॅल्युमिनियम कोठेही टेकत नाही ना, हे कागदाची पट्टी फिरवून पाहावे; पाते दस्त्याला घासल्यामुळे जड झालेला ट्रिगर धुऊन कधीच हलका होत नाही.

त्यानंतर रिकाम्या रायफलवर धक्क्याची चाचणी करावी. ती कॉक करून, सुरक्षित दिशेला धरून, दस्त्याच्या मागच्या बाजूवर तळहाताने आणि दोन्ही बाजूंवर रबरी हातोडीने हलके ठोके द्यावेत. .२२ मध्ये बोल्ट नेहमीपेक्षा थोडा जोरात बंद करूनही पाहावे. ट्रिगर यांपैकी कशानेही सुटता कामा नये. एकदा जरी सुटला, तरी रायफल रेंजवर न्यायची नाही, स्क्रू फिरवून उपाय शोधायचा नाही. ती सरळ अधिकृत आर्मररकडे द्यावी. चाचणीत उत्तीर्ण झाल्यास पूर्वीप्रमाणे बाटलीने दहा मोजण्या घ्याव्यात आणि वहीत आधीच्या आकड्यांशेजारी लिहाव्यात. वजन आठ-दहा ग्रॅमने घटलेले आढळले तर आश्चर्य नको, चिकट थर निघून गेल्याने तसे होते. मात्र मग ट्रिगर पूर्वीच्या वजनावर आणायचा की नव्या वजनाची सवय करायची, हे प्रशिक्षकाशी बोलून ठरवावे, आणि स्पर्धा आठवड्यावर आलेली असताना हा प्रश्न उभाच करू नये.

ड्राय फायर, म्हणजे गोळी किंवा पेलेट न भरता चाप ओढण्याचा सराव, करताना एअर रायफलवरील ड्राय फायरची सोय वापरावी. .२२ मध्ये अशी सोय नसेल तर रिकाम्या चेंबरवर फायरिंग पिन सोडू नये. अनेक रायफलींत पिन चेंबरच्या कडेवर आदळून तिला खाच पाडते.

पावसाळा आणि साठवण

पुण्याच्या बालेवाडीतल्या किंवा मुंबईच्या वरळीतल्या रेंजवर सराव करणाऱ्यांना जून ते सप्टेंबर हा काळ वेगळा पाळावा लागतो, आणि कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत तर वर्षभरच. वातानुकूलित रेंजमधून बाहेर पडताच थंड धातूवर दव जमते, ते ट्रिगरच्या आतही जमते. त्यासाठी रायफल आतच पेटीत बंद करावी आणि घरी पोहोचल्यावर पेटी लगेच न उघडता तिचे तापमान खोलीइतके होऊ द्यावे. त्यानंतर मात्र रायफल बाहेर काढून कोरड्या कापडाने पुसावी. ट्रिगरच्या पात्यावरील घाम रोज पुसावा, तो खारट असतो आणि पात्याच्या बारीक स्क्रूंना सर्वांत आधी गंजवतो.

स्पंजचे अस्तर असलेली पेटी प्रवासासाठी आहे, कपाट म्हणून नाही. स्पंज ओल धरून ठेवतो. घरी रायफल कुलूपबंद कपाटात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्यांसह ठेवावी आणि दाण्यांचा रंग बदलला की त्या बदलाव्यात किंवा पुस्तिकेप्रमाणे तापवून पुन्हा वापराव्यात. हॅमर ताणलेल्या स्थितीत साठवू नये. एअर रायफलच्या सिलिंडरवर छापलेली मुदतही याच वेळी पाहून घ्यावी. स्पर्धेच्या सिलिंडरची मुदत साधारणतः दहा वर्षांची असते आणि उपकरण-तपासणीत मुदत संपलेला सिलिंडर अडवला जातो.

पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये बाटलीची मोजणी एकदा करावी, रंगाच्या रेघा जागेवर आहेत का ते पाहावे, आणि आकडे जूनमधल्या आकड्यांशी जुळत असतील तर लायटरचे इंधन कपाटातच राहू द्यावे.